डिस्पोजलचा ट्रक गावी आणताना

(वाचकांचे गाडीविषयक प्रश्न आणि उत्तरं. उत्तरं देणारे १७ वर्षं ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये होते, आता कुडाळजवळ त्यांचं गॅरेज आहे.)

प्रश्न : काका नमस्कार. देवगडच्या बाजूला सड्यावर आमची हापूसची कलमं आहेत. वर जायचा रस्ता म्हणजे नुसता कातळ, मधे दोन ठिकाणी वहाळ, उन्हाळ्यात लहान कलमांना पाणी न्यायचं तर ट्रॅक्टरची ट्रॉली चढावर मागे ओढते. म्हणून ऑनलाइन लिलावात मिल्ट्रीचा टाटाचा अडीच टनी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकं ओढणारा ट्रक घेतला, एलपीटीए ७१३. बोली आमच्यावर सुटली, पैसे पूर्ण भरले, डिलिव्हरी ऑर्डर पण हातात आहे. गाडी पुण्याकडच्या डेपोत उभी आहे आणि उचलायला दोन आठवडे राहिलेत. भाऊ म्हणतो नवीन बॅटऱ्या घालू, डिझेल टाकू आणि चालवत आणू, पावणेचारशे किलोमीटर तर आहे. चालवत आणू का? कुठल्या घाटाने? आणि घरी आल्यावर पहिलं काय करायचं?

उत्तर : चालवत आणू नका. आधी हे सांगतो कारण तुमचा भाऊ बॅटऱ्या घेऊन निघायच्या तयारीत असणार, त्याला थांबवा, बाकीचं मग सावकाश वाचा.

का ते सांगतो. सैन्याच्या गाडीला आरटीओचं रजिस्ट्रेशन नसतंच. मोटार वाहन कायद्याच्या ६० कलमाखाली संरक्षण खातं आपल्या गाड्या स्वतः नोंदवतं, तो बाण असलेला नंबर तिथला. गाडी सैन्याच्या कामातून निघाली की ती नोंद तुमच्या उपयोगाची नाही, तुम्हाला साध्या माणसासारखं नव्याने आरटीओत नोंदणी करायची असते. म्हणजे डेपोच्या गेटमधून बाहेर पडते त्या क्षणाला तुमच्या ट्रकला नंबर नाही, विमा नाही, काहीच नाही. ४३ कलमाखाली टेम्पररी नंबर मिळतो, जास्तीत जास्त ६ महिन्यांचा, आणि थर्ड पार्टी विमा चेसिस नंबरावर काढता येतो, ही दोन्ही कामं आधी करून मगच गाडी रस्त्यावर आणली तर ते कायद्यात बसतं. पण दोन आठवड्यांत हे सगळं जमवून वर दोन-चार वर्षं गवतात उभ्या असलेल्या ट्रकने घाट उतरायचा, हे मला पटत नाही. अर्ध्या वाटेत ब्रेक फेल झाला तर तुमचंच नाही, समोरून येणाऱ्या एसटीतल्या लोकांचं पण काय होईल ते बघा.

लो-बेड ट्रेलर करा. ट्रेलरवर तुमचा ट्रक म्हणजे माल, त्याला नंबर लागत नाही, फक्त बिल, डिलिव्हरी ऑर्डर, गेटपास आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा माल म्हणून ई-वे बिल बरोबर पाहिजे. ट्रेलरचं भाडं ऐकून तुम्हाला वाटेल एवढ्यात तर चारी टायर आले असते. असू दे. ते पैसे काढा.

आता गेटवर काय करायचं ते नीट ऐका, कारण माणसं लिलावात जिंकतात आणि इथे हरतात. लिलाव ‘जशी आहे जिथे आहे’ या अटीवर असतो, म्हणजे एकदा उचलली की तुमची तक्रार कोणी ऐकणार नाही, पण सही करायच्या आधी मात्र तुम्हाला बघायचा पूर्ण हक्क आहे. तुमच्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि आधार आधी कळवून ठेवा, क्रेनचा ड्रायव्हर आणि ट्रेलरचा क्लीनरसुद्धा, नाहीतर ती माणसं बाहेर आणि तुम्ही आत असं होतं. मोबाइल गेटवर जमा होतो, म्हणून सगळे नंबर आणि कागदाची एक झेरॉक्स खिशात कागदावर ठेवा. क्रेन तुमची, साखळ्या तुमच्या, लाकडी ठोकळे तुमचे, आत हवा भरायचा पंप मिळेल असं धरून जाऊ नका. आत गाडीला हात लावायला, म्हणजे बॅटरी जोडायला किंवा चाक काढायला परवानगी आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि मुदत संपली की रोजचं ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं चालू होतं, पुढे तर लॉट, म्हणजे लिलावातला तुमचा नग रद्द होऊन भरलेले पैसे अडकायची पाळी येते, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका, मधे सुट्टी आली की संपलं.

आत गेलात की सगळ्यात आधी इंजिन बघू नका. चेसिस नंबर बघा.

माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो म्हणजे कळेल. मी आणलेला दुसरा ट्रक. इंजिन बघितलं, गिअरबॉक्स बघितला, टायर बघितले, ईएमईचा माणूस असल्यामुळे मला यातलं सगळं कळतं असा माझा विश्वास होता, पेपरवर सही केली आणि गाडी ट्रेलरवर चढवली. गावी आणून दोन महिने काम केलं, रंग दिला, आरटीओत नेली. तिथल्या साहेबांनी नेहमीसारखं चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासली, छाप उठली, त्यांनी ती विक्रीच्या कागदाशेजारी धरली आणि नुसतं बोट ठेवलं. शेवटून तिसरा आकडा चेसिसवर ८, कागदावर ३. इंजिन नंबर बरोबर, वर्ष बरोबर, फक्त तो एक आकडा. साहेबांचं काही चुकलं नाही, ते दुसरं काय करणार. ज्या डेपोतून गाडी आली तिथे पत्रं पाठवली, दोनदा स्वतः गेलो, मूळ रजिस्टर काढून दुरुस्त कागद हातात यायला पाच महिने लागले आणि तोवर ट्रक मांगराबाहेर ताडपत्रीखाली, एक अख्खा पावसाळा. बायको रोज सकाळी खळ्यात जाताना त्या ताडपत्रीवरचं पाणी काठीने ढकलून सांडायची, मला बघवायचं नाही.

म्हणून सांगतो, खिशात एक वायर ब्रश, थोडं रॉकेल, पांढरा पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन जा. बहुतेक ट्रकना चेसिसचा नंबर उजव्या हाताच्या लांब पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. चिखल आणि रंगाचे चार थर असतात त्याच्यावर. रॉकेलने पुसा, ब्रश हलका मारा, जोरात घासलात तर आकड्यांच्या कडा जातात आणि मग आरटीओवाला म्हणतो नंबर खाडाखोड केलेला आहे. कागद धरून आडवी पेन्सिल फिरवा. छाप उठली की डिलिव्हरी ऑर्डर, विक्रीचा कागद, दोन्हीशी एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडा, एकाने वाचायचं दुसऱ्याने बघायचं. इंजिन नंबरचं पण तेच. एक आकडा जरी वेगळा असला तरी तिथेच थांबा आणि तिथेच दुरुस्त करून मागा, ट्रेलर उभा राहिला तर राहू दे.

आणि दुसरा कागद म्हणजे फॉर्म २१, विक्री प्रमाणपत्र. नवी गाडी घेताना शोरूमवाला देतो तोच नमुना, पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ४७ व्या नियमात एक्स-आर्मी गाडीसाठी वेगळं लिहिलंय की संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र जोडायचं. मूळ. झेरॉक्स नाही, साधं लिलावाचं बिल नाही, बँकेची पावती नाही. ते हातात कधी आणि कुठून मिळणार हे गाडी उचलायच्या दिवशीच विचारा आणि कोणाच्या सहीने मिळणार ते लिहून घ्या. त्याशिवाय फॉर्म २० चा, म्हणजे नोंदणीचा अर्ज पुढे सरकत नाही. माझ्या ओळखीत निदान तीन जणांकडे असे ट्रक आहेत की गाडी टकाटक पण कागद नाही, मग ती फक्त बागेच्या गडग्याच्या आत फिरते आणि डांबरावर आली की पोलीस धरतात.

आता गाडीकडे. उभ्या गाडीचं काय खराब होतं? इंजिन सगळ्यात शेवटी खराब होतं, हे लोकांना खरं वाटत नाही. आधी रबर जातं. ब्रेकचे होस, हवेच्या पाइपांची रबरं, टायर. टायरवर नक्षी भरपूर दिसते म्हणून खूश होऊ नका, बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, ३२१४ असेल तर तो टायर २०१४ सालचा, ३२ व्या आठवड्यातला. त्याला उन्हात नखं रुतावीत तशा चिरा पडलेल्या असतात. मग क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते, ब्रेक लायनर ड्रमला चिकटतो. म्हणून गाडी ट्रेलरवर ओढायच्या आधी चाकं मोकळी फिरतात का बघा, हवेचे ब्रेक असतील आणि मागे स्प्रिंगवाला हँडब्रेक असेल तर टाकीत हवा नसताना ती चाकं जाम असतात, तो तिथला बोल्ट फिरवून स्प्रिंग मागे घ्यावा लागतो, हे माहीत असलेला मेकॅनिक बरोबर पाहिजे. नाहीतर क्रेनवाला नुसता ओढतो आणि चारी टायर जमिनीवर काळे पट्टे मारत जातात. आणि पुढे-मागे कधी टोइंग करून न्यायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा दांडा सोडवून घ्या, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल वर उडत नाही आणि आतून जळतो.

डिझेल टाकीत जे असेल ते काढून टाका, सगळं. जुनं डिझेल म्हणजे तळाला काळा गाळ आणि पाणी. दोन्ही फिल्टर नवीन. मग ते हाताने दाबायचं छोटं पंप असतं ना, फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू अर्धा फिरकी सैल करून ते दाबत बसायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुडे बारीक होतात, मग एकदम सरळ स्वच्छ डिझेलची धार लागते आणि पंप बोटाखाली घट्ट होतो. तेव्हाच स्क्रू आवळायचा. त्याच्या आधी स्टार्टर मारत राहिलात तर बॅटरी संपते आणि इंजिन चालू होत नाही, लोक म्हणतात इंजिन गेलं. इंजिन कुठे गेलंय, हवा आहे आत. हे मी किती जणांच्या अंगणात जाऊन केलंय याचा हिशोब नाही. आणि इलेक्ट्रिक २४ व्होल्टची आहे, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, ट्रॅक्टरची एक बॅटरी लावून बघू असं नको.

घाट. ट्रेलर असेल तर पुणे, कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, पालीला मुंबई-गोवा हायवे आणि मग खाली लांजा राजापूर करत नांदगावला वळा. लांब पडतं पण ट्रेलरला वळायला जागा आहे. नकाशात तुम्हाला गगनबावडा जवळ दिसेल, करूळ घाट, आणि राधानगरी-दाजीपूरकडून फोंडा घाट तर थेट देवगडच्याच रस्त्यावर उतरतो, स्वतः चालवत आणली असती तर मी पण फोंड्यानेच या म्हटलं असतं, पण लांब ट्रेलरला तिथली वळणं जड जातात. ताम्हिणी किंवा वरंध विचारूच नका. रात्री घाट उतरू नका, संध्याकाळी शाहूवाडीच्या बाजूला थांबा, सकाळी उतरा. खाली आल्यावर तुमच्या वाडीतल्या विजेच्या तारा, ट्रेलरवर ट्रक म्हणजे उंची किती होते ते टेप लावून मोजा आणि शेवटच्या तीन-चार किलोमीटरवर एक माणूस मोटारसायकलवर पुढे ठेवा. मोऱ्या आणि साकव बघून घ्या. ट्रेलर शेवटपर्यंत जात नसेल तर हायवेच्या जवळ ओळखीच्या जागेत उतरवा.

घरी आल्यावर पहिलं काम इंजिन नाही, पाणी. गोडं पाणी. खालून, चेसिसच्या पोकळीत, लीफ स्प्रिंगच्या पानांमधे पाइप लावून सगळा चिखल काढा. देशावरचा चिखल असेल तर तो ओलावा धरून ठेवतो आणि आपल्याकडची खारी हवा त्याला मिळाली की एका वर्षात स्प्रिंगची पानं पापडासारखी सुटतात. धुतल्यावर दोन दिवस उन्हात, मग वायर ब्रश, रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग. खाली काही जण जळकं ऑइल मारतात, मी पण मारतो, दर वर्षी पावसाच्या आधी, होडीला काजूच्या टरफलाचं तेल देतात तसं. फक्त रबरी बुश, होस आणि ब्रेकच्या ड्रमजवळ ऑइल जाता कामा नये, रबर फुगतं.

तुमच्या पाण्याच्या कामाबद्दल एक. मोठी एक टाकी बसवू नका. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, गाडी अडीच टनी, तेव्हा हजाराच्या दोन टाक्या, एक बॉडीच्या पुढे एक मागे, आणि वर जाताना दोन्ही काठोकाठ भरलेल्या. अर्धी टाकी घेऊन तिरप्या कातळावर गेलात की पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी पलटी करायला तेवढं पुरतं. टाक्या पट्ट्याने बांधलेल्या असतील तर तो माल झाला, वेल्ड केल्या तर तो गाडीतला बदल झाला आणि त्याला ५२ कलमाखाली आरटीओची मंजुरी लागते, तेव्हा बांधा. आणि फोर बाय फोर फक्त सड्यावर, डांबरावर काढून टाका, नाहीतर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी ओढाताण करतात आणि ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे गिअर खातात. वहाळात शिरायच्या आधी घाला, आत अडकल्यावर नाही.

ओरोसच्या आरटीओत जायच्या आधी एकदा नुसते कागद घेऊन जा, गाडी न घेता. वर्ष, मॉडेल, कुठल्या वापराची नोंदणी पाहिजे ते सांगून काय काय लागेल ते लिहून आणा. मला कळवा काय सांगितलं ते.

प्रश्न : फौजी दादा, आम्ही गुहागरकडे राहतो. माझ्या मुलाला लिलावाच्या यादीत सरकारी जिप्सी खूप स्वस्तात दिसली. पण खाली लिहिलंय की फक्त आरव्हीएसएफ बोली लावू शकतात. मुलगा म्हणतो एखाद्या ओळखीच्या स्क्रॅपवाल्याच्या नावाने बोली लावू आणि मग गाडी आपण घेऊ. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, नाही. मुलाला आजच सांगा.

आरव्हीएसएफ म्हणजे सरकारमान्य गाडीतोड केंद्र, २०२१ च्या नियमांखाली नोंदणी झालेलं. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राची, राज्याची, महामंडळांची १५ वर्षं झालेली गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही, ती अशाच केंद्रात तोडायची असते. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी प्रत्यक्ष कामावर असलेल्या चिलखती आणि खास गाड्यांना त्यातून सूट आहे, पण ती सूट सरकारला आहे, आपल्याला नाही. आरव्हीएसएफ लिहिलेल्या लॉटमधली गाडी म्हणजे तोडण्यासाठी विकलेली गाडी, तिचं ते केंद्र सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतं आणि ती गाडी म्हणून संपते. दुसऱ्याच्या नावाने घेऊन घरी आणलीत तर तिची नोंदणी कधीच होणार नाही आणि ज्याच्या नावाने घेतली तोही अडकेल. मला जिप्सीचा मोह कळतो, हलकी गाडी आहे, आपल्या लाल मातीत चांगली चढते, पण ज्या लॉटवर ही अट नाही आणि गाडी म्हणून विक्री लिहिलीय त्याच्यावरच बोली लावा. अटींचं पान पूर्ण वाचायचं, फोटो बघून बोली नाही. आणि ‘एसटीए’ असं लिहिलेलं असेल तर तुमची बोली सगळ्यात वर गेली तरी खात्याने मंजूर केल्याशिवाय ती तुमची नाही, तोवर ट्रेलर ठरवू नका.

प्रश्न : माझ्याकडे साधं कारचं लायसन्स आहे. सैन्याचा स्टॅलियन ट्रक घेतला तर चालवता येईल का? आणि सैन्याचा हिरवा रंग तसाच ठेवायचाय, त्यातच तर मजा आहे. — एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : दोन्हीला नाही. साडेसात हजार किलो एकूण वजनापर्यंत तुमचं लायसन्स चालतं, त्या आतली मालवाहू गाडीसुद्धा, ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायाधीशांच्या घटनापीठाने तसंच सांगितलंय. स्टॅलियन त्याच्या खूप वरचा आहे, हेवीचं लायसन्स काढा.

हिरव्याबद्दल जरा कडक बोलतो. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याशिवाय कोणाच्याही गाडीला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२१ वा नियम. ट्रॅक्टरलासुद्धा नाही. त्या रंगाच्या गाडीत कोण आहे हे रस्त्यावरच्या माणसाला लांबून कळतं आणि तो विश्वासाने बाजू देतो, तुम्ही रायगडच्या किनाऱ्यावर राहता, समुद्राकडून आलेल्या माणसांनी मुंबईत काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. माझे सोबती त्या रंगात गेलेत. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात बाणाची नंबर प्लेट, युनिटच्या खुणा, सगळं खरवडून काढा, आरटीओत नेण्याआधी रंग बदला. आमच्या ट्रकला मी जांभ्या दगडासारखा तांबूस दिलाय, डाग पण दिसत नाहीत.

प्रश्न : माझे वडील सैन्यात ड्रायव्हर होते, आता ८० च्या पुढे आहेत, संगमेश्वरला असतात. शक्तिमान चालवायचे. घरी त्या ट्रकशिवाय दुसरी गोष्ट नाही. एका माणसाकडे जुना शक्तिमान उभा आहे, चालू नाही, कागद आहेत म्हणतो. त्यांच्यासाठी घेऊन चालू करावा असं मनात आहे. वेडेपणा आहे का?

उत्तर : वेडेपणा अजिबात नाही. मला तुमचं पत्र वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

शक्तिमान १९५९ पासून जबलपूरला बनायला लागला, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर, आणि १९९६ पर्यंत बनत होता. तिथेच सैन्याची जोंगा जीप पण बनायची, जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावावरून ते जोंगा. माझ्या भरतीच्या काळात स्टॅलियन यायला लागले होते पण शिकवताना उस्ताद अजून शक्तिमानवरच शिकवायचे, कारण सगळं उघडं, सगळं हाताने, चुकलात की लगेच कळतं.

आता काम. कागद आहेत म्हणतो हे पुरेसं नाही. आरसी बुक बघा, कोणाच्या नावावर आहे, फिटनेस किंवा नोंदणीची मुदत कधी संपली, टॅक्स थकला असेल तर किती, आणि वर देवगडच्या गृहस्थांना सांगितलं ती पेन्सिल इथे पण चालवा. रस्त्यावर न्यायची नसेल, फक्त अंगणात चालू करायची असेल तरी नावावर करून घ्या. इंजिन फिरतं का ते स्टार्टरने नाही बघायचं, इंजेक्टर काढून सिलिंडरमधे थोडं ऑइल सोडा, दोन दिवस तसंच, मग क्रँकच्या नटला लांब पान्हा लावून हाताने फिरवा. हाताला नरम फिरलं तर अर्धं काम झालं. अडकलं तर जोर करू नका, मला बोलवा. सामान नवीन मिळणार नाही, दिल्लीच्या मायापुरीला आणि मुंबईत कुर्ल्याला जुन्यातून शोधावं लागतं, ब्रेकची रबरं मात्र आपल्याकडे माप देऊन करून मिळतात, जुनी लावू नका.

आणि वडिलांना आधी सांगून टाका, सरप्राइज वगैरे नको. त्यांना गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा आणि काम त्यांच्यासमोर करा, कुठला गिअर कुठे, ट्रान्सफर केसचा दांडा कसा ओढायचा हे ते तुम्हाला सांगतील, मी सांगण्यापेक्षा बरोबर सांगतील. केबिनची पायरी उंच आहे. चढवताना खाली दोन लाकडी ठोकळे ठेवा, फणसाचे असतील तर उत्तम, सरकत नाहीत, आणि उजव्या हाताने त्यांना दरवाजाची दांडी धरू दे, पाठीमागे तुम्ही.